घनातला षटकोन

भाकरीला कुणी गोल म्हटलं की कस्तुरे बाई चिडायच्या.

"भाकरी गोल नसते. भाकरी वर्तुळाकार असते. गोल लाडू असतो." जेवणाच्या सुट्टीत हातातला घास तसाच धरून त्या हे सांगायच्या. समोरचा हसला की आणखी चिडायच्या. "हसू नका. सपाट काय आणि भरीव काय, हे ज्याला कळत न्हाई त्याच्या हातात पोरं द्यायची कशी?"

वडीगोद्रीच्या आमच्या शाळेत त्या आल्या तेव्हा जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मराठी शिकवायचो. त्या गणिताला आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात खेळाच्या सरांशी त्यांचं वाजलं. सर मैदानावर ओरडत होते, "पोरांनो, गोल करून बसा!" बाई वर्गातून बाहेर आल्या आणि पायऱ्यांवरूनच म्हणाल्या, "सर, गोल करायचा तर निम्मी पोरं जमिनीखाली बसवा. वर्तुळ म्हणा." खेळाच्या सरांनी पुढं कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

अंगानं किरकोळ, उंची बेताची, कडक खळ दिलेली सुती साडी. घर जालन्यात मस्तगडला. तिथं म्हातारी आई होती, तिच्याकडं त्या शनिवारी दुपारच्या एसटीनं जायच्या. बाकीचे दिवस हमरस्त्यालगत एका खोलीत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर त्या विचारणाऱ्याकडं इतका वेळ बघत राहायच्या, की तो माणूस आपणहून पाऊसपाण्यावर यायचा.

त्यांच्या पिशवीत कायम एक सुरी असायची. सुरी बघून शिपाई आधी घाबरला होता. ती गाजरासाठी होती. हिवाळ्यात बाई गाजरं आणायच्या आणि वर्गात टेबलावर कापायच्या. गाजर आडवं सरळ कापलं की वर्तुळ. जरा तिरपं कापलं की लंबवर्तुळ. टोकापासून उभं, बरोबर मधून चिरलं की त्रिकोण. "एक शंकू. त्याच्या पोटात हे सगळं आहे. कसं कापता त्यावर आहे." मग गाजरं पोरं खायची. बाई मात्र खाणाऱ्यावर नजर ठेवायच्या. "काय खाऊन राह्यला रे?" "गाजर बाई." "कान पकड. काय खाऊन राह्यला?" "लंबवर्तुळ, बाई."

हे ऐकून कुणाला वाटेल, गमतीदार बाई होत्या. तशा त्या नव्हत्या. त्यांच्या वर्गात पोरं टरकून असायची. सूत्र पाठ करून आलेल्या पोराचा त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा. न आलेल्याचा कमी. "तुला शंकूचं घनफळ येतं. शंकू येतो का? कुठून येतो शंकू?" पोरगं सूत्रच पुटपुटायचं. "काटकोन त्रिकोण आपल्या उभ्या बाजूभोवती फिरला की शंकू होतो. डोळे मीट आणि फिरव. दिसला का? न्हाई दिसला तर सूत्र विसरून जा, काही बिघडत न्हाई!"

बाईंचा राग अंगावर घेतलेली ती पोरं आज पन्नाशीकडं आली आहेत. त्यांच्यातली काही मला भेटतात आणि बाईंची नक्कल करून हसतात. त्यांच्याबरोबर मी हसत नाही. कारण तो राग पुढं कुठं कुठं गेला आणि त्याच्याशी लोक कसे वागले, ते मी बघितलं आहे.

सुरुवात एका दारापासून झाली. त्या वर्षी नववीचा वर्ग नव्यानं बाईंकडं आला होता. पोरं काहीच उत्तर देईनात म्हणून बाई संतापून वर्गाबाहेर निघाल्या आणि दार धाडकन ओढलं. शेजारच्या वर्गात माझ्या हातातला खडू पडला. क्षणभरात दार परत उघडल्याचा आवाज आला आणि बाईंचा चढलेला आवाज. "आत्ता काय फिरलं? दार. दाराचा आकार काय? आयत. आयत एका बाजूभोवती फिरला. बिजागरीच्या बाजूभोवती. भिंत नसती आणि दार पुरा वेढा फिरून आलं असतं, तर हवेत काय तयार झालं असतं?"

व्हरांड्यातून, दाराच्या मागून एका मुलीचा आवाज आला.

"रांजण... न्हाई. रांजण मधी फुगतो. डबा. पत्र्याचा उभा डबा व्हईल."

बाईंनी दारामागं बघितलं. भिंतीला टेकून एक मुलगी जमिनीवर बसली होती. दप्तर मांडीवर, मान थोडी वर. ती द्वारका. गावातल्याच भानुदासभाऊंची लेक. लहानपणी गोवराच्या तापात तिची नजर गेली होती. चुलत बहिणीचा हात धरून शाळेत यायची, एकदा ऐकलेला धडा तिला शब्द न् शब्द यायचा. माझ्या तासाला ती पहिल्या बाकावर असायची. भूमितीच्या तासाला मात्र तिनं बाहेर बसायचं, अशी आधीपासूनची रीत पडली होती. कुणी पाडली ते कुणाला आठवत नव्हतं.

बाईंनी तिचं दप्तर उचललं, तिला दंडाला धरून आत नेलं आणि पुढच्या बाकावरच्या दोन पोरांना उठवून तिथं बसवलं. "डबा बराबर. पुस्तकात त्याला वृत्तचिती म्हणतात. तू डबाच म्हण सध्या." तास पुरा केला. आणि तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. लहाने सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मनानं वाईट नव्हते. पण कुठलीही गोष्ट जशी चाललीय तशी चालू द्यावी, एवढंच त्यांना येत होतं. त्यांची खोली आणि आमची बसायची खोली यांच्यामध्ये नुसता लाकडी पडदा होता. आम्हाला सगळं ऐकू आलं.

"लहाने सर, ती पोरगी बाहेर का बसते?"

"बाई, तिला दिसत नाही."

"ते मला दिसलं. बाहेर का बसते, ते विचारून राह्यले मी."

"फळ्यावरच्या आकृत्या तिला काय कळणार? आणि तिला सूट आहे. आंधळ्या पोरांना भूमिती घ्यावी लागत नाही. दहावीला खालच्या इयत्तेचं अंकगणित द्यायचं, की झालं. तिच्या भल्यासाठीच आहे ते."

"भलं!" बाईंच्या आवाजानं लाकडी पडदा हलला असं मला वाटलं. "फळ्यावर घन असतो का सर? फळ्यावर घनाचं चित्र असतं. तुम्हाला डोळे आहेत, म्हणून तुम्ही चित्रालाच घन समजून राह्यले. आमची निम्मी पोरं तिथंच अडकतात. त्या पोरीची ती अडचणच न्हाई! तिच्या हातात घन द्या, तिला घनच कळतो."

लहाने सर म्हणाले, "बघू." ते नेहमी बघू म्हणायचे.

बाईंनी बघितलं नाही, सुरू केलं. ज्वारीची काढणी झाली होती. पोरांना त्यांनी वाळलेली धाटं आणायला सांगितली. धाटाच्या आतला मऊ भेंड कापून कोपरे केले, वरच्या सालीच्या काड्या कडा म्हणून टोचल्या. लहान मुलं अशाच खेळातल्या बैलगाड्या करतात. बाईंनी त्याचे घन केले, मनोरे केले, त्रिकोणी चिती केल्या. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घेतले. वर्तुळातून एक फाक कापून काढायची, उरलेल्याच्या कडा जोडायच्या, की शंकू उभा राहतो. फाक मोठी काढली की शंकू उंच आणि निमुळता होतो. द्वारकानं हे बोटांनी इतक्या वेळा केलं, की तिचे शंकू बाईंपेक्षा नीट व्हायला लागले.

भानुदासभाऊंची मोसंबीची बाग होती. एकदा द्वारकानं पिशवीभर मोसंबी आणली. बाईंनी सुरी काढली.

"सांग, कापल्यावर काय मिळंल?"

"वर्तुळ."

"तिरपं कापलं तर?"

द्वारकानं मोसंबी हातात फिरवली. "तिरपं कशाला म्हणायचं बाई? हिला सरळ-तिरपं न्हाईच. कशीबी कापा, वर्तुळच. लहान नाहीतर मोठं. सगळ्यात मोठं पाहिजे तर बराबर मधून कापा."

बाई वर्गाकडं वळल्या आणि गरजल्या, "ऐकलं का?" जणू एवढं चांगलं उत्तर आलं हा वर्गाचा अपराध होता.

एका शनिवारी बाईंनी सगळ्यांना प्रश्न घातला. घनाला सहा पृष्ठं, सगळी चौरस. सुरी एकदाच चालवायची. कापलेल्या जागी त्रिकोण आणा. ते पोरांना जमलं, कोपरा उडवला की त्रिकोण. चौरस तर सोपा. "आता षटकोन आणा. सगळ्या बाजू सारख्या पाहिजेत." धुण्याच्या साबणाचे घन करून पोरांनी कापून कापून त्याचा भुगा केला. षटकोन काही येईना.

सोमवारी द्वारका धाटाचा घन घेऊन आली. त्याच्यावर दोरा बांधला होता. मी त्या वेळी बाईंकडं वेळापत्रक बदलून मागायला गेलो होतो, म्हणून मला ते बघायला मिळालं.

"बाई, हा एक कोपरा, आणि हा त्याच्या बिलकुल समोरचा. हे दोन्ही सोडून दिले. त्यांना चिटकलेल्या कडाबी सोडल्या. ज्या राहिल्या, त्यांच्या मधोमध दोरा नेला. सहा जागी वळला. बोटानं मोजलं, सगळ्या बाजू सारख्या भरल्या."

मी घन हातात घेऊन बघितला. खरंच षटकोन होता. चौरसांनी बनलेल्या वस्तूच्या पोटात तो इतका वेळ बसून होता, आणि मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. बाई शाबास म्हणाल्या नाहीत. घन त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणि हिला हे लोक बेरीज-वजाबाकी द्यायला निघालेत!"

दहावीचं वर्ष आलं तसा प्रश्न उभा राहिला. सूट घ्यायची की भूमिती द्यायची? बाई भानुदासभाऊंच्या घरी गेल्या, मला बरोबर नेलं. भानुदासभाऊ शांत माणूस. खाटेवर आम्हाला बसवलं, आपण खाली बसले.

"बाई, पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय. पर धावी पास झाली तर तिला फुडं कायतरी धरता यील. तुमच्या भूमितीत ऱ्हायली तर? लोक म्हणतील, आंधळी त आंधळी, वरून नापास."

"लोकांचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला न्हाई सांगायचं त मंग कोनाला सांगू? ऱ्हायचं तिला हाय या गावात. तुम्ही आज हाईत, उद्या न्हाईत."

बाईंनी तोंड उघडलं, पण आतून द्वारका बोलली. "आबा, मी भूमितीच देणार. मला परत दारामागं बसायचं न्हाई."

भानुदासभाऊंनी मान खाली घातली. ती त्यांनी होकारासाठी घातली की दुःखानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग बाई शहरातल्या परीक्षेच्या कार्यालयात गेल्या. एकदा, दोनदा, कितीदा तरी. तिथं त्यांना सांगितलं गेलं, लेखनिक मिळेल. मुलगी उत्तर सांगेल, लेखनिक लिहील. आकृती मात्र परीक्षार्थीनं स्वतः काढायची. बाई म्हणाल्या, ती आकृतीही सांगेल. केंद्र हे घ्या, त्रिज्या एवढी घ्या, इथं कंस मारा. रचना म्हणजे तेवढंच असतं. साहेब म्हणाले, नियमात नाही. बाई म्हणाल्या, मग तिला पुठ्ठा द्या, ती शंकू करून देईल, तुमच्यासमोर.

परत आल्यावर बाईंनी हे आम्हाला उभ्यानंच सांगितलं. "साहेब म्हणाले, उत्तरपत्रिकेला शंकू कसा टाचणार बाई? आणि हसले. मग बाकीचे हसले. पूर्ण खोली हसली." पाण्याचा पेला त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. "त्यांना वाटलं, मी विनोद करून राह्यले."

मी ती खोली कधी पाहिली नाही. पण त्या हसण्याचा मला बाईंइतकाच राग आहे. नकार देणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हसणाऱ्याशी काय करायचं?

द्वारकानं परीक्षा दिली. आठवीतली एक मुलगी लेखनिक होती. जिथं आकृती काढा असं होतं, तिथं द्वारकानं आकृती कशी काढायची ते पायरीपायरीनं शब्दांत लिहवून घेतलं. पर्यवेक्षकानं लेखनिक मुलीला पट्टी-कंपासला हात लावू दिला नाही. निकाल लागला. मराठीत, इतिहासात, विज्ञानात द्वारकाचे गुण वर्गात सगळ्यांत चांगले. गणितात नापास, आणि तेही थोडक्यानं. शब्दांत लिहिलेल्या आकृत्यांना काहीच मिळालं नव्हतं, हे मार्कांकडं बघून कुणालाही कळलं असतं.

गावानं ते तसं बघितलं नाही. बाईंच्या डोक्यात हवा गेली, पोरीचं वाटोळं केलं, असं चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, पिठाच्या गिरणीत बोललं गेलं. ज्यांनी नऊ वर्षांत त्या पोरीला एक आकडा शिकवला नव्हता, ते सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावलं. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "तुमच्या हट्टापायी एका अपंग मुलीचं वर्ष गेलं. लाज वाटायला हवी."

बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिनं उत्तर दिलं आहे. ते वाचलं गेलं न्हाई. लाज कुणाला वाटायची ते तुम्ही ठरवा."

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली. संस्थेची एक शाळा भोकरदन तालुक्यात राजूरच्या पलीकडं होती, जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आमच्यापैकी काहींनी अध्यक्षांकडं जाऊन बदली थांबवायला सांगितलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि परत पाठवलं.

बाई निघायच्या दिवशी द्वारका शाळेत आली.

"बाई, ऑक्टोबरच्या परीक्षेला मी सूट घेणार. अंकगणित देते."

बाई पिशवी भरत होत्या, त्या थांबल्या. "का? तुला येत न्हाई म्हणून?"

"न्हाई. त्यांना वाचता येत न्हाई म्हून."

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. नुसतं म्हणाल्या, "बराबर." आणि पिशवीची गाठ इतक्या जोरानं मारली, की बंद तुटला.

द्वारका पास झाली. पुढं बाहेरून शिकून बी.ए. झाली. नव्वदच्या दशकात तिला हमरस्त्यावर टेलिफोनचा एसटीडी बूथ मिळाला. ट्रकवाले नंबर सांगायचे, तिची बोटं न चुकता फिरायची. लोक मला म्हणायचे, बघा सर, शेवटी चांगलंच झालं की. काय चांगलं झालं? बूथ वाईट नव्हता, ती मानानं जगली. पण ज्या मुलीनं घनातला षटकोन एकटीनं शोधून काढला, ती कुठल्यातरी शाळेत भूमिती शिकवत असायला हवी होती. आमच्यासारख्यांच्या पोरांना तिनं शिकवायला हवं होतं. तिला नंबर फिरवायला बसवून आम्ही सगळे समाधान पावलो, हे माझ्या गळ्याखाली अजूनही उतरत नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या निरोपाला मी राजूरपलीकडच्या त्या शाळेत गेलो. मंडप, खुर्च्या, हार. अध्यक्ष तेच होते, केस रंगवलेले. भाषणात म्हणाले, "आमच्या संस्थेनं एका अंध मुलीला घडवलं, तिला आपल्या पायावर उभं केलं. त्या कामात कस्तुरे बाईंचाही वाटा आहे." टाळ्या झाल्या. बाईंच्या खांद्यावर शाल होती. बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी ती काढली, नीट घडी घातली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"एक अंध मुलगी, असं अध्यक्ष म्हणाले. तिचं नाव द्वारका. तुम्हाला ते म्हाईत न्हाई, कारण तुम्ही कधी विचारलं न्हाई. याच संस्थेच्या शाळेत ती भूमितीच्या तासाला बाहेर जमिनीवर बसत होती. ती नापास झाली तेव्हा तुम्ही माझी लाज काढली. आज तिच्या नावानं टाळ्या घेऊन राह्यले. मला शाल नको."

आणि खाली उतरल्या. माइक चालूच होता, त्यातून नुसती घरघर येत राहिली. अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. जेवणं झाली, बुंदी संपली, लोक गेले. बाई जेवल्या नाहीत.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मला त्या जालन्याच्या बसस्थानकावर दिसल्या. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. उन्हात उभ्या होत्या. मी जवळ गेलो, ओळख दिली.

"कुठं निघाल्या बाई?"

"परीक्षेच्या कार्यालयात." मस्तगडला त्यांच्या गल्लीतल्या एका पोराची नजर गेली होती. नववीत होता. "आता म्हणे आकृतीच्या बदल्यात दुसरा प्रश्न देतात. म्हणजे आकृती नकोच. मी त्यांना विचारणार आहे, बदली प्रश्न कुणी मागितला होता?"

मी म्हणालो, "बाई, आता वय झालं. सोडा ना. किती दिवस रागावणार?"

लग्नाबद्दल विचारणाऱ्याकडं बघायच्या, तसंच त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी रागावणं सोडलं तर त्यांना बरं वाटंल. त्यांना बरं वाटावं, असं मला बिलकुल वाटत न्हाई."

बस लागली. गर्दी चढली. एका तरुणानं वर घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी काठीनंच बाजूला केला आणि दांडा धरून एकेक पायरी चढल्या. मी खिडकीबाहेर उभा होतो. पुढच्या बाकावर एका माणसानं शेजारच्या जागेवर बॅग ठेवली होती. बाई त्याच्यापुढं उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. काचेतून शब्द येत नव्हते. त्यानं आधी मान हलवली, मग इकडंतिकडं बघितलं, मग बॅग उचलून मांडीवर घेतली. बाई बसल्या. बस वळून फाटकाबाहेर गेली तेव्हाही त्या त्याला सुनावतच होत्या.